सालईटोल्याची पिवडी

चित्रातलं चाक चुकलं होतं.

सकाळचं ऊन नुकतंच डंपाच्या खांद्यावर आलं होतं. मी स्टुलावर बसले, कॅनव्हासवरचं फडकं काढलं, समोर पाहिलं, पुन्हा कॅनव्हासकडे पाहिलं आणि ब्रश तसाच हातात राहिला. माझ्या चित्रात खाणीच्या जुन्या लोखंडी मनोऱ्यावरचं चाक अर्धंच दिसत होतं. खालचं अर्धं डंपाच्या पाठीमागे गेलेलं. समोर मात्र ते जवळजवळ सगळं दिसत होतं. एखाद्या माणसानं भिंतीआडून डोकं वर काढून बघावं तसं.

"काय झालं बाई? असे डोळे काहून केले?" इमलाबाईनं विचारलं. ती मागच्या झाडाखाली वाकून मोहफुलं वेचत होती.

"चाक चुकलंय माझं."

"चाकाले पाय फुटले असतील," ती म्हणाली आणि हसत टोपली पुढे सरकवून पुन्हा वेचायला लागली.

मला हसू आलं नाही. मी नागपूरच्या एका शाळेत चित्रकला शिकवत होते. हात लांब करून, एक डोळा मिटून, ब्रशाच्या दांडीवर अंगठा सरकवत माप घ्यायचं, हे मी मुलांकडून इतकं घोटून घेई की माझ्या तासाला पोरं कंटाळून जात. रेघ चुकली तर खोडायला लावी. आणि इथे, आयुष्यातल्या पहिल्या मोठ्या चित्रात, मीच इतकी ढोबळ चूक केली होती. मी डंपाच्या कडेपासून पुन्हा माप घेतलं. चूकच होती. सुरीनं जुनं चाक खरवडलं आणि बोटभर वर नवीन काढलं.

सालईटोला हे मँगनीजच्या खाणीचं गाव. गोऱ्यांच्या काळात खाण सुरू झाली, माझ्या जन्माच्या आसपास बंद पडली. मागे राहिलं ते काळ्या पाण्यानं भरलेलं एक खोल विवर, तो मनोरा आणि डंप. डंप म्हणजे खाणीतून काढून टाकलेल्या दगडमातीचा ढिगारा, पण ढिगारा म्हणावं इतका तो लहान नव्हता. डोंगरच होता तो. त्यावर पळस उगवले होते, आणि त्या फाल्गुनात ते पेटल्यासारखे फुलले होते. डंपाच्या पायथ्याशी कामगारांच्या घरांची जुनी रांग होती. समोर नाला. नाला ओलांडून घरांसमोरच्या उंचवट्यावर मोहाची झाडं, आणि तिथे माझं स्टूल.

मला त्या जागेचं चित्र त्या जागेच्याच रंगांत करायचं होतं. नळीतला एकही रंग वापरायचा नाही असं ठरवून मी बिनपगारी रजा टाकून आले होते. काळा रंग मँगनीजच्या भुकटीचा, लाल रंग नाल्याच्या काठच्या गेरूचा, पांढरा इमलाबाई भिंती सारवायला वापरायची त्या छुई मातीचा. तेल जवसाचं, गावच्या तेलघाण्यावरचं. मँगनीजची भुकटी घातली की जवसाचं तेल भराभर सुकतं, हे मला तिथेच कळलं. काळा भाग हाताला कोरडा लागायचा तेव्हा लाल अजून चिकटच असायचा. त्या खटपटीत मी इतकी रमले होते की दुपारचं जेवण विसरायची. इमलाबाईच मला हाताला धरून घरी न्यायची.

मी तिच्याकडेच राहत होते. ती आणि तिचा नवरा इंदल उईके, आणि त्यांची मुलगी जमना. जमनाचं लग्न चैतात ठरलं होतं. इंदलभाऊ उंच, कमी बोलणारा माणूस. ठेकेदाराच्या पंपावर कामाला होता. एका ठेकेदारानं जुन्या विवराच्या तळाशी उरलेला माल काढायचं काम घेतलं होतं, आणि त्यासाठी आधी पाणी उपसायचं होतं. पंप डंपाच्या पलीकडे विवराच्या काठावर होता, आम्हाला दिसायचा नाही. त्याचा आवाज मात्र गावात सतत असायचा. ढक् ढक् ढक्. पहिले काही दिवस मला तो ऐकू यायचा. नंतर सवय झाली.

"इतकं पाणी सोडता कुठे?" मी एकदा जेवताना विचारलं होतं.

"डंपाच्या मांगं खोलगट जागा हाय, तिथं," इंदलभाऊ म्हणाला. "कितीबी सोडा जी. साचतच नाई. सगळं माती पिऊन टाकते."

हे तो जरा अभिमानानं म्हणाला होता. भाजी वाढता वाढता इमलाबाईनंही मान डोलावली होती.

मला फक्त पिवळा रंग मिळत नव्हता. पिवडी, म्हणजे पिवळी माती, नाल्याच्या पलीकडे लांबवर मिळायची, तीही खड्यांची, मळकट. मी इमलाबाईला तसं बोलले, तर दुसऱ्याच दिवशी ती पाटीभर पिवडी घेऊन आली. मी बोट बुडवलं. लोण्यासारखी मऊ, ओली, आणि रंग असा की मी असा रंग पाहिलाच नव्हता. पिकलेल्या मोहाच्या पानासारखा, पण आतून उजेड असल्यासारखा.

"कुठून आणली?"

"आपल्या रांगेमागून! चला, दाखवते."

रांगेच्या दुसऱ्या टोकाचं शेवटचं घर बुधराम टेकामचं. तो इंदलभाऊपेक्षा लहान, त्याला दादा म्हणायचा. घरात त्याची बायको सोनवंती आणि म्हातारी आई. त्या घराच्या मागच्या भिंतीपासून चार पावलांवर डंप सुरू व्हायचा. तिथे, दगडांच्या बुडाशी, जमिनीतून पिवडी वर आल्यासारखी दिसत होती. ऐन उन्हाळ्याच्या तोंडाशी, आणि ओली.

"गेल्या साली इथं नव्हती," इमलाबाई म्हणाली. "दिवाळीले मी डोक्यावरून आणली, मान मोडली माझी. आता पाहा. लेकीच्या लग्नाले देवानं घरामागंच आणून देली."

मी दोन्ही हातांनी भरून घेतली. सोनवंती दारात उभी राहून बघत होती. "आमाले काय भाव द्याल, बाई?" ती हसून म्हणाली. तिचा आवाज गोड होता. ती काम करताना सतत काहीतरी गुणगुणायची.

त्यानंतर आम्ही रोज तिथे जाऊ लागलो. इमलाबाईला लग्नघर रंगवायचं होतं, मला चित्र. एके दिवशी ती मला हाक मारून म्हणाली, "बाई, काल आपण इथं खड्डा केला होता ना?"

"हो. गुडघाभर."

"मंग बुजवला कोणी?"

खड्डा नव्हता. तिथे पिवडी उलट थोडी फुगून आली होती, भाकरी तव्यावर फुगते तशी. इमलाबाईनं सोनवंतीला हाक मारली. "काहून वं, खड्डा बुजवला तू?"

"मी कायले बुजवू?" सोनवंती म्हणाली. "मले का काम नाई?"

इमलाबाईचा तिच्यावर विश्वास बसला नाही. शेजारणींची थोडी बाचाबाची झाली. आम्ही पुन्हा खणलं, पाट्या भरल्या आणि परत आलो. त्या दिवशी मी डंपाच्या सगळ्या उतारावर ती पिवडी लावली आणि चित्र एकदम जिवंत झालं. मी संध्याकाळपर्यंत उठले नाही.

त्याच आठवड्यात ठेकेदाराचा मॅनेजर भार्गव चित्र बघायला आला. जबलपूरकडचा, गोरा, नेटक्या कपड्यांचा माणूस. मराठी सावकाश आणि बरोबर बोलायचा. तो बराच वेळ माझ्यामागे उभा राहिला.

"या डंपाचं असं सुंदर चित्र होईल असं वाटलं नव्हतं," तो म्हणाला. "पूर्ण झालं की मला सांगा. शेठजींच्या ऑफिसात लावू."

मग तो इंदलभाऊकडे वळला. जमनाच्या लग्नाचा मांडव ठेकेदारातर्फे, जनरेटर ठेकेदारातर्फे. घरांच्या रांगेपुढची, डंपाखालची सपाट जागा आमच्याकडून साफ करून देऊ, तिथे सगळी वरात मावेल, असं तो म्हणाला. इंदलभाऊनं हात जोडले. इमलाबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. भार्गव वाईट माणूस होता असं मी तेव्हा म्हटलं नसतं, आजही म्हणणार नाही. तो खरंच आनंदानं देत होता.

लग्न दोन-तीन दिवसांवर आलं तेव्हा मी शेवटचा हात फिरवायला बसले. फडकं काढलं. समोर पाहिलं.

चाक पूर्ण दिसत होतं. नुसतं चाक नाही, त्याच्या खालची आडवी लोखंडी पट्टीही दिसत होती, जी मी आल्यापासून एकदाही पाहिली नव्हती.

मी माप घेतलं. दुसऱ्यांदा घेतलं. मग बाकीच्या रेघा तपासल्या. घरांची छपरं जिथल्या तिथे होती. नाला जिथल्या तिथे. माझ्या बाजूचा शेताच्या बांधाचा दगड जिथल्या तिथे. फक्त डंपाची वरची कड खाली होती, आणि पायथा बुधरामच्या घराच्या जवळ आला होता. चित्रात भिंत आणि डंप यांच्यामध्ये उजेडाची एक फट होती. समोर ती नव्हती.

या वेळी मी काहीही खरवडलं नाही. खाली गेले. इंदलभाऊ पाळी संपवून आला होता, अंगणात पाय धूत होता. इमलाबाई भिंत रंगवत होती.

"इंदलभाऊ, जरा माझ्याबरोबर वर चला."

"आत्ता? जेवण—"

"आत्ता."

माझा चेहरा बघून तो आला. इमलाबाईही हात तसेच घेऊन मागून आली. मी त्याला माझ्या स्टुलावर बसवलं. "आधी चित्र बघा. मग समोर बघा. घाई करू नका."

तो बराच वेळ बघत राहिला. शिकलेला नव्हता, चित्र बघायची सवय नव्हती. बोट ठेवून ठेवून, एकेक घर ओळखून तो वर सरकत गेला. मनोऱ्याशी त्याचं बोट थांबलं.

"चाक वर आलं?"

"चाक कसं वर येईल? दगडात रोवलंय ते."

"मंग डंप खाली बसला."

"हो."

पंपाचा आवाज मला इतक्या दिवसांनी पुन्हा स्पष्ट ऐकू यायला लागला. मग तो स्वतःशीच म्हणाला, "इतका खाली बसला तर त्याखालची माती गेली कुठं?"

आम्ही दोघंही एकाच वेळी इमलाबाईकडे बघत होतो. ती उभी होती, आणि कोपरापर्यंत तिचे दोन्ही हात पिवळे होते.

तिला कळायला क्षणभर लागला. मग तिनं हात लुगड्याला पुसले. पुन्हा पुसले. रंग निघेना.

आम्ही बुधरामच्या घरामागे गेलो. आदल्या दिवशीचा खड्डा भरला होता. मातीची भिंत बाहेरून कोणी ढोपर मारल्यासारखी आत दबली होती. सोनवंती आत गुणगुणत भाकरी थापत होती. मग आम्ही डंपावर चढलो. पळसाच्या फुलांचा सडा पडला होता, आणि फुलांखाली जमिनीला एक भेग होती. आडवी, लांबच लांब, डंपाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. इंदलभाऊनं हातातली काठी तीत सोडली. काठी त्याच्या छातीपर्यंतची होती. ती पूर्ण आत गेली, आणि त्यानं हात सोडला तेव्हा खाली कुठेतरी पाण्यात पडल्याचा आवाज आला.

इमलाबाई खालच्या सपाट जागेकडे बघत होती. तिथे मांडवाचे बांबू येऊन पडले होते.

भार्गवनं आमचं सगळं शांतपणे ऐकलं. आमच्याबरोबर डंपावरही आला. भेगेत डोकावला, बुटानं एक दगड ढकलला.

"उन्हाळ्यात जमीन फाटते," तो म्हणाला. "इतकी वर्षं हा असाच उभा आहे. मॅडम, तुमची रेघ जरा इकडे तिकडे झाली असेल. आधीही एकदा चाक पुसून काढलं होतं म्हणे तुम्ही?"

हे त्याला कोणी सांगितलं होतं कोण जाणे.

"पंप थोडे दिवस बंद ठेवा जी," इंदलभाऊ म्हणाला. "पाणी दुसरीकडं काढू."

"पंप बंद म्हणजे काम बंद. काम बंद म्हणजे गावातली निम्मी घरं बसून राहणार. हे तू त्यांना सांगशील का मी सांगू?" भार्गवचा आवाज चढला नव्हता. त्यानं इंदलभाऊच्या खांद्यावर हात ठेवला. "लेकीचं लग्न आहे. डोकं शांत ठेव. लग्न होऊन जाऊ दे, मग बघू."

घरी परतताना इंदलभाऊ मांडवाच्या बांबूंपाशी थांबला आणि वर डंपाकडे बघत राहिला.

लग्नाच्या दिवशी सकाळी मी जागी झाले ती शांततेनं. काय बदललंय ते आधी कळलं नाही. मग लक्षात आलं, पंप थांबला होता. लोक घराबाहेर येऊन एकमेकांकडे बघत होते. इतके दिवस तो आवाज होता की तो थांबल्यावर कुत्रीसुद्धा अस्वस्थ झाली.

इंदलभाऊ डंपाला वळसा घालून चालत आला. हात तेलानं काळे झालेले. "पंपाचा पट्टा तोडून पाण्यात फेकला," तो सगळ्यांदेखत म्हणाला. "मांडव नाल्यापलीकडं मोहाखाली टाकायचा. या डंपाखाली माह्या लेकीचं लग्न होणार नाई. तुमीबी पोराबाळांले घेऊन तिकडंच ऱ्हा आजचा दिवस."

काय गदारोळ झाला ते सांगण्यात अर्थ नाही. मांडव उपटून नाल्यातून पलीकडे न्यायचा, चुली हलवायच्या. वरात आली ती चिखलातून, झाडांच्या मुळ्यांवरून ठेचकाळत. नवऱ्यामुलाचा मामा रुसून बसला. भार्गव आला आणि जनरेटर घेऊन निघून गेला. बुधराम ताडी पिऊन रंगात आला होता. तो माझ्या स्टुलावर चढून उभा राहिला आणि एक डोळा मिटून, हात लांब करून, अंगठ्यानं डंपाचं माप घ्यायला लागला.

"दादा! चाक हाललं बापा! पळा!"

लोक पोट धरून हसले. वऱ्हाडीही हसले. सोनवंती हसता हसता पदर तोंडात धरून बाजूला झाली. इंदलभाऊ मांडवात पाहुण्यांना पाणी देत होता. त्यानं वर बघितलं नाही.

लग्न लागलं. जेवणं झाली. दिवसभर जो तो मधूनच डंपाकडे नजर टाकायचा आणि मग शेजाऱ्याकडे बघून हसायचा. डंप होता तसाच उभा होता. एक खडासुद्धा घरंगळला नाही. संध्याकाळी जमना सासरी गेली आणि लोक आपापल्या घरी झोपायला परत गेले.

मला सांगायला लाज वाटत नाही: त्या दिवशी, उन्हात तो ढिगारा शांत उभा असताना, तो पडला असता तर बरं झालं असतं असा विचार माझ्या मनात येऊन गेला. रिकाम्या घरांवर पडला असता.

दुसऱ्या दिवशी नवीन पट्टा आला. इंदलभाऊचं काम गेलं आणि ते बुधरामला मिळालं. पंप सुरू झाला. इंदलभाऊ त्याच्या दारात गेला तेव्हा मी बरोबर होते.

"बुधराम, पंप चालव. मी काई म्हंत नाई. पण सोनवंतीले अन् मायले इथून हालव. माह्या घरी आणून ठेव, आमचं घर दूर हाय थोडं."

"नोकरी गेली म्हणून जळतं का दादा?" बुधराम म्हणाला. "का अजून चित्र पाहून आला?"

म्हातारी आतून म्हणाली, "मी मेली तर याच घरात मरीन बाप्पा." सोनवंती आमच्याकडे न बघता धान्य निवडत राहिली.

माझी रजा संपली होती. जाताना वाटेत उतरून डंपाची तक्रार घेऊन मी दोन सरकारी कचेऱ्यांची दारं ठोठावली. एके ठिकाणी साहेब दौऱ्यावर होते, दुसरीकडे लेखी द्या म्हणाले. लेखी दिलं. कॅनव्हास गुंडाळून नागपूरला आले.

वैशाखात बातमी आली. दुपारची वेळ, आभाळात ढग नाही, पावसाचा थेंब नाही. डंप एकदम सैल झाला आणि खाली वाहत आला. गावातली बरीच माणसं तेंदूपत्ता तोडायला जंगलात गेली होती, म्हणून वाचली. शेवटची घरं गेली. सोनवंती आणि म्हातारी सापडल्या नाहीत. बुधराम पलीकडे पंपावर होता. त्याला आवाज ऐकू आलाच नाही म्हणे, पंपाच्या आवाजात. त्यानं मान वर केली तर समोर डंप नव्हता, आणि पंपावरून त्याला पहिल्यांदाच गाव दिसलं.

मी गेले. सगळीकडे पिवळा चिखल होता. नाल्यात, झाडांच्या बुंध्यांवर, माणसांच्या अंगावर. मोहाखाली लोक बसले होते. बुधराम मधोमध, उकिडवा. इंदलभाऊ त्याच्याजवळ जाऊन बसला आणि त्यानं त्याच्या पाठीवर हात ठेवला. बुधरामनं तो झटकला.

"तुले ठाऊक होतं."

"मी तुले सांगतलं होतं, भाऊ."

"मले सांगतलं!" बुधराम उठून उभा राहिला. आवाज चिरकला. "आपल्या लेकीची पाळी आली तवा तू सांगत नाई बसला. पट्टा तोडला. पाण्यात फेकला. माह्या मायसाठी काहून नाई तोडला? माह्या सोनवंतीसाठी काहून नाई तोडला, दादा?"

कोणी मध्ये पडलं नाही. मी आजूबाजूच्या चेहऱ्यांकडे पाहिलं. लग्नात हसलेली सगळी माणसं तिथे होती, आणि ती सगळी इंदलभाऊकडे बघत होती.

त्यानंतर इंदलभाऊ आणि इमलाबाईला तिथे राहणं जमलं नाही. कोणी मारलं नाही, शिवी दिली नाही. फक्त हाका बंद झाल्या. हातपंपावर इमलाबाई आली की बायका घागरी उचलून जायच्या. आपल्या मांडवातली माणसं वाचवली, गावातली नाही, असं तिच्या पाठीमागे म्हणायच्या. आणि चित्रवाल्या बाईनं डंपाचं रूप चित्रात धरून नेलं म्हणून तो सुटला, असंही कोणी म्हणू लागलं होतं. पावसाळ्याआधी दोघं जमनाच्या गावी निघून गेले. ठेकेदाराचं काम बंद पडलं. भार्गवची कुठे बदली झाली ते कळलं नाही.

मी ते चित्र पुढे रंगवलं नाही. आहे तसंच आहे: वर रेखलेलं एक चाक, आणि त्याच्याखाली खरवडलेल्या चाकाचा फिकट डाग. लोक विचारतात तेव्हा अपुरं आहे एवढंच सांगते.

बऱ्याच वर्षांनी, निवृत्तीनंतर, मी जमनाच्या गावी गेले. इंदलभाऊ थकला होता. अंगणात बाजेवर बसून दोर वळत होता. इमलाबाई मला बिलगून रडली, मग डोळे पुसून चहा टाकायला आत गेली. आम्ही दोघं बसलो. जमनाच्या मुलांचं, धानाचं बोलणं झालं. मग मी म्हणाले, "त्या दिवशी बुधराम तुम्हाला फार टाकून बोलला. दुःखात माणूस काहीही बोलतो."

त्यानं दोर खाली ठेवला.

"तो खोटं नाई बोलला बाई."

"म्हणजे?"

"डंप आला त्या दिवशी सकाळी मी पंपावर गेलतो. तेंदूपत्ता तोडायले म्हणून निघालो, अन् घरामागून पाहिलं तर बुधरामची भिंत चिरली होती. मनात म्हटलं, आता तोडूनच टाकतो पट्टा. कोयता होता हातात. तिथं पोचलो. तो बिडी पीत बसला होता. मले पाहून त्यानं एक डोळा मिटला, अन् असा अंगठा वर केला." इंदलभाऊनं स्वतःचा हात लांब केला, अंगठा वर केला, आणि काही क्षण तो हात तसाच हवेत राहिला. "मले लग्नाचा दिवस आठवला. सारे हसले तो. काई झालं नाई ना त्या दिवशी. वाटलं, आपणच येडे. आजबी काई होणार नाई, अन् पुन्यांदा हसतील. कोयता कमरेले खोचला अन् वापस आलो."

आतून भांड्यांचा आवाज येत होता.

"त्यानं कोणाले सांगतलं नाई मी आलतो म्हणून," तो म्हणाला. "आजपर्यंत नाई. सांगू शकला असता."

इमलाबाई चहा घेऊन बाहेर आली. कप माझ्या हातात देता देता तिनं नवऱ्याकडे पाहिलं.

"काय सांगून ऱ्हायले बाईले?"

"काई नाई," तो म्हणाला आणि दोर पुन्हा मांडीवर घेतला. "धानाचं."